पालिकेची नोकरी, दवाखान्याचे बिल आणि विमा : आपण इथवर कसे आलो?

एरवी मी तुमच्याशी साखर, रक्तदाब, थायरॉईड यांविषयी बोलतो. आजचा विषय औषधाचा नाही, पण माझ्या ओपीडीत तो आठवड्यातून दोन-तीनदा तरी निघतोच. सोमेश्वरनगर हे कारखान्याचे गाव असले, तरी करंजे, वाघळवाडी, निंबुत, वाणेवाडी, मुरूम, होळ या पट्ट्यातली बरीच माणसे बारामती नगरपरिषदेत, पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेत नोकरीला आहेत. कोणी आरोग्य निरीक्षक, कोणी पाणीपुरवठ्यात, कोणी शाळेत, कोणी झाडूवर. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, आम्हाला पालिकेचे आहेच की. मग वेगळी पॉलिसी कशाला?"

याचे उत्तर 'घ्या' किंवा 'नको' असे एका शब्दात देता येत नाही. 'पालिकेचे आहे' म्हणजे नेमके काय आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कुणाकडे बिलाची प्रतिपूर्ती असते, कुणाकडे अंशदायी योजना, कुणाकडे गटविमा, तर कुणाकडे काहीच नसते. ही वेगवेगळी जनावरे एकाच गोठ्यात कशी आली, हे कळले की निवड करणे सोपे जाते. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात मुंबईच्या प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला. पाहता पाहता लोक शहर सोडून पळू लागले. त्या वेळी पालिका आयुक्त स्नो यांना रोगाइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती होती. मैला वाहणारे आणि रस्ते झाडणारे कामगार शहर सोडून गेले तर? मग मुंबई राहण्यालायकच उरणार नव्हती. रुग्णांना सक्तीने हलवण्याचे कडक उपाय सौम्य करावे लागले, त्यामागे हेही एक कारण होते. शहराचे आरोग्य सफाई कामगाराच्या हातात आहे, हे राज्यकर्त्यांना तेव्हा चांगलेच कळले. पण म्हणून त्या कामगाराच्या स्वतःच्या आजारपणाची सोय कुणी केली, असे मात्र झाले नाही. माझ्या मते ही विसंगती सव्वाशे वर्षांनंतरही पुरती गेलेली नाही. शेवटी कंत्राटी कामगारांचा विषय येईल तेव्हा ती पुन्हा दिसेल.

पुढे मोठ्या शहरांनी स्वतःची रुग्णालये काढली. मुंबई पालिकेचे केईएम १९२६ मध्ये सुरू झाले, शीवचे रुग्णालय १९४७ मध्ये. पालिकेचा कर्मचारी आजारी पडला की पालिकेच्याच रुग्णालयात जाई. विमा हा शब्द तेव्हा आयुष्यासाठी आणि मालासाठी होता, आजारपणासाठी नव्हता. बारामतीसारख्या जुन्या नगरपालिकांकडे (बारामतीची १८६५ ची) एवढे मोठे रुग्णालय चालवण्याचे बळ नव्हते. तिथला कर्मचारी सरकारी दवाखान्यावर आणि स्वतःच्या खिशावर अवलंबून राहिला.

आजारपणाच्या विम्याची कल्पना जगात त्याआधीच रुजली होती. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी कायदाच केला. आपल्याकडे १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा हा पहिला मोठा टप्पा. त्या विधेयकाच्या बाजूने विधिमंडळात बोलणाऱ्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४२ मध्ये तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम होते आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उभा राहिला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली.

ईएसआयचा हिशोब आजही मला सगळ्यांत माणुसकीचा वाटतो. कामगाराच्या पगारातून सध्या पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. जुना आजार आहे म्हणून कुणाला नाकारत नाहीत. रुग्णालयात गर्दी असते, औषधे वेळेवर मिळत नाहीत, या तक्रारी खऱ्या आहेत. पण रचना म्हणून पाहिली तर बाजारातली कोणतीही पॉलिसी इतके देत नाही.

मग यातून बाहेर कोण राहिले? दोन गट, आणि दोन्ही आपल्या भागातले. पहिला, साखर कारखान्याचा कामगार. कायद्यात 'हंगामी कारखाना' अशी व्याख्या आहे आणि तिच्यात कापूस पिंजणे, चहा, कॉफी यांच्याबरोबर साखर आणि गूळही आहे. हंगामी कारखान्यांना कायदा लागू नाही. नीरेच्या काठावरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या कित्येकांना ईएसआयचे कार्ड कधी दिसलेच नाही, त्याचे मूळ इथे आहे. दुसरा गट पालिका कर्मचाऱ्यांचा. १९४८ चा कायदा मुळात कारखान्यांसाठी होता, पालिकेच्या कचेरीसाठी नव्हता. सरकार आपल्या नोकरांना याहून बरे देईल, असे गृहीत धरलेले होते.

सरकारने दिले ते असे. केंद्राच्या नोकरांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत सीजीएचएस सुरू झाली. महाराष्ट्राने १९६१ मध्ये वैद्यकीय देखभालीचे नियम केले. या नियमांत विमा कुठेच नाही, तत्त्व प्रतिपूर्तीचे आहे : आधी तुम्ही पैसे भरा, मग बिल सादर करा, मग मंजुरी, मग पैसे. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयाने खासगी रुग्णालयातल्या उपचारांसाठी २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी ठरवून दिली. शिक्षक मंडळींना ही यादी माझ्यापेक्षा जास्त पाठ असते! नगरपरिषदांचा कारभारही साधारण याच चाकोरीतून चालत आला.

प्रतिपूर्तीची अडचण डॉक्टर म्हणून मी जवळून पाहतो. हार्ट अटॅक आलेला माणूस पहाटे तीन वाजता बारामतीला किंवा पुण्याला नेला जातो. डिपॉझिट त्याच क्षणी लागते. बिल मंजूर व्हायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात पतसंस्थेचे कर्ज, बायकोचे दागिने, नाहीतर मेहुण्याकडून उसने. शिवाय बिलातली कोणती रक्कम मान्य होईल हे आधी सांगता येत नाही. प्रपत्रांवर सह्या घ्यायला आलेला शिक्षक बरा झालेला असतो, पण त्याचा चेहरा अजून आजाऱ्याचाच असतो. शेवटी पैसे मिळतात, हे खरे. पण ज्या रात्री हवे असतात त्या रात्री मिळत नाहीत.

इथे थोडे अमेरिकेकडे वळू, कारण आजचा गटविमा जिथून आला ती गोष्ट शहराच्या नोकरांचीच आहे. टेक्सासमधल्या डॅलस शहरात १९२९ मध्ये बेलर रुग्णालयाची बिले थकली होती. जस्टिन किंबॉल नावाच्या गृहस्थांनी थकबाकीदारांची यादी काढली, तर त्यात शाळाशिक्षकांची नावे बरीच निघाली. किंबॉल पूर्वी त्या शहराच्या शाळांचे प्रमुख होते. १९१८ च्या इन्फ्लूएंझानंतर त्यांनी शिक्षकांसाठी एक आजारपण निधी काढला होता, त्यामुळे शिक्षक वर्षाला किती दिवस आजारी पडतात याचे आकडे त्यांच्या हाताशी होते. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला : महिन्याला अर्धा डॉलर द्या, वर्षातून २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याची सोय आम्ही करतो. सुमारे १५०० शिक्षक आले. पुढे 'ब्लू क्रॉस' या नावाने जे अफाट जाळे वाढले, त्याचे बीज हे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये पाणी व वीज खात्याच्या कर्मचाऱ्यांनी रॉस आणि लूस या दोन डॉक्टरांशी महिन्याच्या ठराविक पैशांवर करार केला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांना आपले कर्मचारी आजारपणामुळे कर्जात बुडतात हे दिसत होते. त्यांच्या खटपटीतून १९४७ मध्ये तिथे शहर कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य योजना उभी राहिली. शिक्षक, पाणीवाले, पालिकेचे कारकून, आणि पतसंस्थेचे कर्ज. नावे बदलली तर ही आपल्या तालुक्याचीच गोष्ट आहे.

किंबॉल यांच्या हिशोबातली किल्ली समजून घ्या, पुढे कामाला येईल. योजना चालली ती बहुतेक सगळे शिक्षक एकदम आले म्हणून. चारपैकी तीन शिक्षकांनी नावे दिली होती. फक्त आजारी माणसेच आली असती, तर अर्ध्या डॉलरमध्ये ती महिनाभरही टिकली नसती. विम्यात निरोग्याचे पैसे आजाऱ्याला जातात. निरोगी माणूस बाहेर राहिला की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की आणखी निरोगी बाहेर पडतात, आणि शेवटी उरतात ती फक्त आजारी माणसे आणि न परवडणारा हप्ता.

आपल्याकडे सामान्य माणसासाठी आजारपणाचा विमा फार उशिरा आला. १९७३ पासून सर्वसाधारण विमा पूर्ण सरकारी झाला होता. त्या चार सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' आणले. ते नाव इतके रुळले की आजही कोणत्याही कंपनीच्या पॉलिसीला आपण मेडिक्लेमच म्हणतो, जसे वनस्पती तुपाला डालडा. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, पाठोपाठ टीपीए आले आणि 'कॅशलेस' हा शब्द गावोगाव पोचला. मग पालिकांच्या कर्मचारी संघटनांनीही मागणी सुरू केली : आम्हाला प्रतिपूर्तीची रांग नको, कॅशलेस कार्ड द्या.

मुंबई महापालिकेने ते दिले. १ ऑगस्ट २०१५ पासून कर्मचाऱ्यांसाठी वैद्यकीय गटविमा सुरू झाला, कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. स्वतःची एवढी मोठी रुग्णालये असलेल्या पालिकेने हे करावे, यातच बरेच काही आले. केईएममध्ये आयुष्यभर काम करणाऱ्यालाही स्वतःच्या वडिलांच्या गुडघ्यासाठी खासगी रुग्णालय हवे होते. पण झाले काय? लोकांनी योजना मनापासून वापरली, दावे भरपूर आले, कंपनीने जास्त हप्ता मागितला, पालिकेने तो मान्य केला नाही. दोनच वर्षांत, २०१७ मध्ये, योजना बंद पडली. पुढे वर्षानुवर्षे संघटना ती पुन्हा सुरू करा म्हणून मागणी करत राहिल्या. ज्यांनी 'आता पालिकेचे आहे' म्हणून स्वतःची जुनी पॉलिसी सोडून दिली असेल, त्यांचे सगळ्यांत वाईट झाले. तीच पॉलिसी पन्नाशीत नव्याने घ्यायची, तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून.

पुण्याची वाट वेगळी. पुणे महापालिकेत अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना चालते. सेवकाच्या पगारातून ठराविक वर्गणी कापली जाते, पॅनेलवरच्या रुग्णालयात सीजीएचएस दराने उपचार होतात, बिलाचा मोठा भाग महापालिका भरते आणि थोडा सेवक. निवृत्त सेवकही यात असतात. मधे कुणी विमा कंपनी नाही. गेल्या काही वर्षांत ही योजना विमा कंपनीकडे सोपवावी असा प्रस्ताव प्रशासनाकडून पुढे आला, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. मला विचाराल तर संघटनांचे म्हणणे बरोबर होते. अंशदायी योजनेत बिलांना उशीर होतो, पॅनेलवरून रुग्णालये गळतात, गैरवापरही होतो. पण दावे वाढले म्हणून ती एका पत्राने बंद पडत नाही आणि साठीच्या माणसाला दाराबाहेर काढत नाही. मुंबईचा अनुभव समोर असताना हे विसरून चालणार नाही.

तिसरा प्रवाह राज्याच्या योजनेचा. १९९७ ची जीवनदायी योजना गरिबांसाठी होती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर ती मिळे, पांढरे कार्ड असलेला नोकरदार बाहेर. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केली, संरक्षण वर्षाला ५ लाख, आणि १ जुलै २०२४ पासून अंमल सुरू झाला. म्हणजे पालिकेच्या कायम कर्मचाऱ्यालाही आता हा एक आधार आहे. मात्र ती ठरवून दिलेल्या उपचारांनाच आणि अंगीकृत रुग्णालयांतच लागू होते. डेंग्यूने चार दिवस ॲडमिट झालात आणि रुग्णालय यादीत नसेल, तर कार्ड दाखवून उपयोग नाही.

आता तुमच्या निवडीकडे येऊ. पहिली गोष्ट, आस्थापना विभागात जाऊन लेखी विचारा : आपल्याकडे प्रतिपूर्ती आहे, अंशदायी आहे की गटविमा? निवृत्तीनंतर चालू राहते का? आई-वडील धरतात का? मी विचारतो तेव्हा दहापैकी आठ जणांना हे सांगता येत नाही.

अंशदायी असेल आणि निवृत्तीनंतरही चालणार असेल, तर तिची वर्गणी कधी खंडित होऊ देऊ नका. जोडीला एखादा 'सुपर टॉप-अप' पुरतो. त्यात वर्षातल्या पहिल्या ठराविक रकमेपर्यंत, समजा ५ लाखांपर्यंत, कंपनी काही देत नाही, त्यावरचा खर्च देते. म्हणून त्याचा हप्ता कमी असतो.

फक्त प्रतिपूर्ती असेल, तर रात्री तीनच्या डिपॉझिटसाठी स्वतःची कॅशलेस पॉलिसी हवीच. अट एकच, पस्तिशी-चाळिशीत घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर फॉर्मवर तो लिहा. एजंट म्हणतो "नका लिहू साहेब, रिजेक्ट होईल." माझ्या केस-पेपरवर 'मधुमेह, सहा वर्षे' असे लिहिलेले असते आणि क्लेमच्या वेळी कंपनी तोच पेपर मागते. आता नियमाने जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी चार होता. तीन वर्षे थांबणे परवडते, लपवणे परवडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे, तेवढा हप्ता हलका झाला.

गटविमा असेल, तर खोलीभाड्याची अट वाचा. इथे माणसे हमखास फसतात. समजा संरक्षण ३ लाखांचे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलात. खोलीचे बिल ३०,०००, डॉक्टर, नर्सिंग आणि ऑपरेशन थिएटर मिळून १ लाख, औषधे-तपासण्या ५०,०००. तुम्हाला वाटते, जास्तीचे भाडे १५,००० तेवढे आपण भरू. पण खोली दुप्पट दराची घेतली म्हणून डॉक्टर आणि थिएटरचे पैसेही निम्मेच मिळतात. औषधे-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. तरी १ लाख ८० हजारांपैकी ६५,००० तुमच्या खिशातून गेले. हे डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळते आणि मग राग नर्सवर निघतो.

गटविमा नोकरीबरोबर संपतो हेही लक्षात ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या निवृत्तांचा मोठा आजार बहुतेक वेळा साठीनंतरच उगवतो, नेमका कार्ड बंद झाल्यावर. त्यासाठी एक तरतूद आहे : गटातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि आधीच्या वर्षांचा प्रतीक्षा काळ धरला जातो. निवृत्तीच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा, निरोप समारंभानंतर नव्हे.

आणि आता ते कंत्राटी कामगार, ज्यांचे नाव पालिकेच्या पटावर नसते. घंटागाडीवरची मुले, गटार उपसणारे, ठेकेदाराकडून आलेल्या झाडूवाल्या बाया. जून २०२१ मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने पालिकांमधल्या रोजंदारी आणि कंत्राटी कामगारांना ईएसआयखाली आणण्याचा निर्णय घेतला. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. हे वाचणाऱ्यांत कुणी मुकादम, निरीक्षक किंवा नगरसेवक असाल, तर आपल्या ठेकेदाराची माणसे एकदा विचारून बघा : पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात आहे का, विमा क्रमांक मिळाला आहे का, घरच्यांची नावे त्यात चढवली आहेत का? कपात होते आणि क्रमांक नाही, अशी चिठ्ठी घेऊन माणसे माझ्याकडे आलेली आहेत. अशा वेळी ती चिठ्ठी जपून ठेवायची, तिची झेरॉक्स काढायची आणि ईएसआयच्या जवळच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यायची. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. अर्ज लिहून हवा असेल तर संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा गर्दी कमी असते.